उतीनं काढलेला दिवस

समज, बाळा, आपण समुद्रापलीकडच्या कोटागेडे गावात, बाजारामागच्या गल्लीत उभे आहोत. डोळे मिटलेस तरी चालेल, इथं नाकानंच जास्त दिसतं. आज लेगी आहे, म्हणून बाजार रस्त्यावर सांडलाय. पारव्यांचे पिंजरे, लोखंडी विळे, केळीच्या पानांचे भारे. सात दिवसांचा आठवडा तुझ्याकडे आहे तसा इथंही आहे, पण त्याच्या जोडीनं पाच दिवसांचा दुसरा आठवडा चालतो: लेगी, पहिंग, पोन, वागे, क्लिवोन. दोन चाकं समज, एक मोठं, एक लहान, एकाच वेळी फिरणारी. माणूस जन्मतो तो दोन्ही चाकांच्या खुणेवर, आणि जातो तोही. ज्या जोडीवर घरातलं वडीलधारं माणूस गेलं, त्या जोडीवर त्या घरात लग्न लावत नाहीत, पायासुद्धा खणत नाहीत.

आता समज, साऱ्या गल्लीचे असे दिवस एकाच बाईच्या बोटांच्या पेरांवर आहेत. कुणाचं बारसं, कुणाचं दुकान, कुणाची सोयरीक, सगळे तिच्याकडे येतात. ती डोळे अर्धे मिटते, अंगठा पेरांवरून फिरवते आणि दिवस सांगते. ती बाई म्हणजे उती. नाव रुक्मियाती, पण नातवंडांनी 'उती', म्हणजे आजी, म्हणायला सुरुवात केली आणि गल्लीनं तेच उचललं.

आणि समज, एक दिवस तिनं चुकीचा दिवस सांगितला.

सांगितला तो चारचौघांत. क्लातेनहून मुलाकडचे आले होते. उतीच्या थोरल्या मुलाची, बाग्योची, मुलगी वेनिंग त्यांच्या घरी द्यायची होती. ओसरीवर चटया अंथरलेल्या, उंच पेल्यांत गोड चहा, पानात हिरवे किपो, आत नारळ-गुळाचं सारण. उतीनं आपलं ठेवणीतलं तपकिरी, मेणाच्या नक्षीचं बाटिक नेसलं होतं. मुलाच्या आजोबांनी हात जोडून म्हटलं, "दिवस तुम्हीच सांगा. आम्ही पामर."

उतीचा अंगठा फिरला. एकदा, दोनदा. पलीकडे पिंजऱ्यातला पारवा घुमला.

"रविवार पोन," उती म्हणाली. "यंदाच्या बेसार महिन्यातला. फार चांगला."

उतीच्या मुलीच्या, लेस्तारीच्या, हातात चहाचं ताट होतं. ते तिनं तसंच धरून ठेवलं. रविवार पोनला तिचे वडील गेले होते. त्या जोडीवर गेली सहा वर्षं या घरात साधं छपराचं कौलही बदललं नव्हतं, आणि तसं बदलायचं नाही हे उतीनंच सगळ्यांना बजावलं होतं.

बाग्यो समोर बसला होता. त्याच्या मिशा हलल्या, पण शब्द आला नाही. सुराबायाहून आलेला धाकटा भाऊ हंदोको चटईच्या काडीकडे बघत राहिला. वेनिंगनं मान आणखी खाली घातली. आणि मुलाचे आजोबा आनंदानं म्हणाले, "ठरलं तर!"

"ठरलं," बाग्यो म्हणाला. "घ्या ना, किपो घ्या."

भीड भिकेची बहीण, असं म्हणतात. त्या घरात ती सगळ्यांचीच थोरली बहीण होती.

पाहुणे गेले तशी तिघं भावंडं स्वयंपाकघरात जमली. भूकंपानंतर नव्यानं बांधलेली तिथली भिंत पातळच होती; बोललेलं बाहेर जाऊ नये म्हणून लेस्तारीनं नळ सोडून ठेवला.

"आई चुकत नाही," बाग्यो म्हणाला. "तिचा काही हिशेब असेल."

"हिशेब?" हंदोको म्हणाला. "दादा, ती बाबांचा दिवस विसरली! आणि तू म्हणतोस, किपो घ्या!"

"मग काय करायला हवं होतं? पाहुण्यांसमोर आईचं तोंड बंद करू? तू तरी बोललास का? कॉलेजात पोरांना भाषणं देतोस, तिथं बरी जीभ चालते."

"मी धाकटा. आधी तू बोलायचं."

"वा! आता आठवलं धाकटेपण."

वेनिंग दारात उभी होती. "बाबा, मला तो दिवस नको," ती हळूच म्हणाली. "पण उतीला सांगू नका. ती मरून जाईल लाजेनं."

"सांगायचंच नाही," बाग्यो म्हणाला. "क्लातेनला मी जाऊन येईन. म्हणेन, मंडपवाला मिळत नाही."

"आणि आईचं काय?" हंदोकोनं विचारलं. "डॉक्टरला दाखवायला नको? ताई, तू बोल ना. तू तर तिच्याबरोबर राहतेस. तुला काही जाणवलं नाही?"

लेस्तारी भांडी विसळत होती. "वय झालंय तिचं," ती म्हणाली. "दमते."

तिची दहा वर्षांची मुलगी निकेन पाटावर बसून उरलेला किपो खात होती. ती एकदम म्हणाली, "पण उतीला तर रोज सकाळी मीच सांगते, आज कुठला..."

"निकेन! मोठ्यांच्यात बोलायचं नाही."

निकेननं किपो तोंडात कोंबला आणि गप्प बसली. लेस्तारीनं नळ बंद केला. तिच्या मनात आलं, ही पोर माझंच ऐकून गप्प बसायला शिकली.

कारण दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. मोहल्ल्यात म्हाताऱ्या माणसांची तपासणी होती. नर्सनं उतीला विचारलं, आज वार कुठला, महिना कुठला, आणि उती उत्तर शोधू लागली तेव्हा लेस्तारीनं हसत हसत तिच्या आधी उत्तरं दिली होती. आईची फजिती नको, एवढंच तिच्या मनात होतं. नर्सनंही हसून पुढच्या माणसाला हाक मारली होती. घरी आल्यावर लेस्तारीनं निकेनला सांगितलं, शाळेत जाताना उतीच्या पाया पडतेस ना, तेव्हा तिच्या कानात आजचा दिवस सांगत जा. खेळ म्हणून. निकेननं तो खेळ एकही सकाळ चुकवला नाही.

*

हंदोकोनं हट्ट धरला म्हणून शेवटी शहरातल्या मोठ्या इस्पितळात नाव घातलं. उती निकेनचा हात सोडायला तयार नव्हती, म्हणून निकेनही आली. डॉक्टर बाई तरुण होत्या, नाव पूर्वंती. उतीशी त्या जुन्या वळणाच्या, आदबीच्या भाषेत बोलल्या, तशी उती खुलली.

डॉक्टरांनी लेस्तारी आणि निकेनला मागच्या खुर्च्यांवर बसवलं. "एकच नियम," त्या निकेनकडे वाकून म्हणाल्या. "उत्तर कुणी सांगायचं नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत. आजी थांबल्या की आपणही थांबायचं. जमेल?"

निकेननं मान हलवली. तिला जमण्यासारखं वाटलं.

"आज दिवस कुठला, आजी?"

"बुधवार क्लिवोन," उतीनं ताडकन सांगितलं.

निकेनचा चेहरा उजळला. लेस्तारीचा पडला. सकाळी रिक्षात चढताना निकेन उतीच्या कानाशी लागली होती, ते तिनं पाहिलं होतं.

"साल कुठलं?"

"सालं तुमच्यासारख्या शिकलेल्यांची. मी तिसरीपर्यंत शाळेत गेले. मग भाऊ गेला शाळेत आणि मी किपो विकायला."

"बरं. आपण आत्ता कुठल्या मजल्यावर आहोत?"

"तुम्ही इथं रोज येता आणि मला विचारता?" उती म्हणाली. डॉक्टर मनापासून हसल्या, आणि तरी त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. लेस्तारीला ते लिहिणं दिसलं.

मग त्यांनी तीन शब्द सांगितले: कंदील, शेळी, पेरू. उतीनं ते नीट म्हणून दाखवले. "लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारेन." मग कोरा कागद दिला. घड्याळ काढायचं, आकडे भरायचे, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची.

वर्तुळ सुरेख आलं, हातानं थापलेल्या किपोसारखं गोल. पण आकडे सगळे एका बाजूला गर्दी करून बसले, पावसात दुकानाच्या वळचणीला माणसं उभी राहतात तसे. दुसरी बाजू मोकळी. उतीनं काटा काढायला पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.

"हे घड्याळ बिघडलेलं आहे," ती म्हणाली.

डॉक्टर थांबल्या. घाई केली नाही, मदतही केली नाही. लेस्तारीला ते थांबणं सहन होईना.  घरी अशा वेळी तिनं केव्हाच पुढं होऊन आईचं वाक्य पुरं केलं असतं.

"आता बाजारात मिळणाऱ्या वस्तूंची नावं सांगा. जेवढी आठवतील तेवढी."

उती जन्मभर त्या बाजारात बसली होती. "केळीची पानं," तिनं सुरू केलं. "नारळ. गूळ. केळीची पानं. नारळ." ती थांबली. छताकडे बघितलं. "केळीची पानं," ती पुन्हा म्हणाली, अगदी हलक्या आवाजात.

निकेननं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं होतं.

"मघाचे तीन शब्द आठवतात का, आजी?"

"कुठले शब्द?"

"त्यात एक जनावर होतं."

उतीनं विचार केला. "कोंबडी असेल," ती म्हणाली आणि वळून निकेनकडे बघितलं, रोज सकाळी बघायची तशी. निकेननं डोळे मिटून घेतले.

*

कानांची तपासणी करायला नर्स उतीला घेऊन गेली, बरोबर निकेन. डॉक्टरांनी बाहेर थांबलेल्या बाग्यो आणि हंदोकोला आत बोलावलं आणि तिघा भावंडांना समोर बसवलं.

"आता तुमची परीक्षा," त्या म्हणाल्या. "आजींनी मला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं तुमच्याकडे आहे."

"आई तशी ठणठणीत आहे," बाग्यो म्हणाला. "वयोमानानं थोडंफार विसरते. मीही विसरतो."

"तुम्ही चष्मा कुठे ठेवला ते विसरता. चष्मा कशासाठी असतो ते विसरता का?"

बाग्योनं चष्मा काढून पुसला.

"त्यांचा दिवस कसा जातो ते मला हवंय," डॉक्टर म्हणाल्या. "रांधतात का, रस्ता सापडतो का, औषध आपापलं घेतात का. आणि पूर्वी कशा होत्या. मी त्यांना आज भेटले, तुम्ही जन्मभर ओळखता."

 हंदोकोनं बाग्योकडे बघितलं, बाग्योनं लेस्तारीकडे. लेस्तारीला वाटलं, आपण तोंड उघडलं की आईच्या अंगावरचा पदर आपल्याच हातानं ओढल्यासारखं होईल. आणि नाही उघडलं, तर ही बाई त्या 'बुधवार क्लिवोन'पुढे बरोबरची खूण करेल आणि आपण सगळे पुन्हा हसत घरी जाऊ.

"आजचा दिवस तिला माहीत नव्हता," ती म्हणाली. "माझी मुलगी रोज सकाळी तिच्या कानात सांगते. मीच सांगायला लावलं. दोन वर्षं झाली."

बाग्यो तिच्याकडे वळला. "दोन वर्षं?"

"आणि किपोही आता तिचे नसतात, दादा. ती सारणात गुळाऐवजी मीठ घालते. मी ते टाकून देते आणि चौकातून विकत आणते. क्लातेनच्या पाहुण्यांना दिले ते चौकातलेच होते."

 बाग्योनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. "ती एकदा माझ्या दुकानासमोर उभी होती," तो म्हणाला. "रस्त्यापलीकडे. ऊन भाजत होतं. मी हाक मारली तर म्हणाली, घरी चाललेय. घर मागं होतं. मी स्कूटरवर बसवून सोडून आलो. म्हटलं, कुणाला सांगून काय करायचं, तिला वाईट वाटेल."

"कधी?" लेस्तारीनं विचारलं.

"वर्ष झालं असेल. जास्तच."

हंदोकोनं खुर्ची पुढं ओढली. "मला फोनवर विचारते, बाबा जेवले का," तो म्हणाला. "मला वाटायचं, दुःख आहे. मी म्हणायचो, हो आई, जेवले."

तिघांकडे तीन तुकडे होते, बाळा. ते कधी एका चटईवर मांडलेच गेले नव्हते. प्रत्येकानं आपापला तुकडा आईच्या मायेपोटी उराशी धरून ठेवला होता.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "दुःखानंही असं होतं," त्या म्हणाल्या. "थायरॉइडनं होतं, एखादं जीवनसत्त्व कमी पडलं तरी होतं, कानांनी कमी ऐकू आलं तरी माणूस भलतंच उत्तर देतं. त्यातलं काही बरंही होतं. म्हणून रक्त तपासू, डोक्याचा फोटो काढू. त्याआधी मी नाव देणार नाही. त्यांची शाळा तिसरीपर्यंतची, तेही मी हिशेबात धरणार. पण आज तुम्ही बोललात ते बरं केलंत."

निकालाच्या दिवशी बाग्योनं उतीला येऊ दिलं नाही. डॉक्टरांना ते आवडलं नाही. निकाल त्यांचा आहे, पुढच्या वेळी त्यांना आणा, असं म्हणून मग त्यांनी सांगितलं. रक्तात काही सापडलं नव्हतं. कान वयाच्या मानानं बरे होते. मन उदास होतं, पण एवढं सगळं व्हावं इतकं नाही. डोक्याच्या फोटोत आठवणींची जागा आक्रसलेली दिसत होती. सगळं जमेला धरलं तर हा अल्झायमरच.

"दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर थांबलं असतं?" लेस्तारीनं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. लेस्तारीचा श्वास सुटला. पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. "औषधानं थोडा आधार मिळाला असता, आजार थांबला नसता. मात्र तेव्हा त्यांना स्वतःचं स्वतः ठरवता आलं असतं. कुणाकडे राहायचं, काय मागं ठेवायचं, कुणाला काय शिकवायचं."

कुणाला काय शिकवायचं. ते शब्द लेस्तारीच्या कानात घरापर्यंत आले.

*

उती ओसरीवर बाकावर बसली होती. शेजारी निकेन केळीच्या पानांचे तुकडे कापत होती.

"सांगायचं नाही," गेटातच बाग्यो कुजबुजला. "मी सांगतो, रक्तदाब आहे म्हणून."

"दादाचं बरोबर आहे," हंदोको म्हणाला. डॉक्टरकडे न्यायचा हट्ट धरणारा तोच. "आता तिला सांगून काय मिळणार, ताई? सुखानं राहू दे."

"हेच करत आलो आपण," लेस्तारी म्हणाली. ती आत गेली आणि आईच्या पायांशी जमिनीवर बसली.

"काय म्हणाली ती पोर?" उतीनं विचारलं. "घड्याळ दुरुस्त केलं का?"

"आई, आधी दुसरं सांगायचंय. वेनिंगसाठी तू रविवार पोन काढलास."

"चांगला दिवस आहे."

"बाबा रविवार पोनला गेले."

उतीचा अंगठा पेरांवर गेला. फिरला. एका जागी येऊन थांबला आणि तिथंच राहिला. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, आणि मग ती एकेकाकडे बघू लागली. बाग्योकडे, हंदोकोकडे, दारातल्या वेनिंगकडे.

"तुम्ही सगळे होतात ना तिथं?"

बाग्योनं नजर खाली घातली.

"बाग्यो, तू समोर होतास. क्लातेनकरांना किपो दिलेस. आणि मला चुकू दिलंस?"

"तुझा मान, आई..." बाग्योचा आवाज फुटला.

"मान!" उती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या दिवशी नातीचं लग्न लावून मान राखणार होतास होय रे?" मग तिनं बाटिकच्या पदरानं तोंड पुसलं. "क्लातेनला मी येते. चूक माझी, मी सांगेन. मंडपवाल्यावर घालू नका."

मंडपवाल्याचं तिला कुणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक. बाग्यो खाली बसला.

मग लेस्तारीनं आजाराचंही सांगितलं. नाव सांगितलं, पुढं काय होतं तेही थोडं सांगितलं. ऐकताना उती पारव्याच्या पिंजऱ्याकडे बघत होती.

"मग आता दिवस कोण काढणार?" शेवटी ती म्हणाली.

बाग्योला येत नव्हतं. हंदोकोला येत नव्हतं. लेस्तारी आईच्या पायांकडे बघत होती. भूकंपाच्या वर्षी, सगळी गल्ली तंबूत राहत होती तेव्हा, आईनं एका संध्याकाळी तिचा हात ओढून घेतला होता. ये, तुला हिशेब शिकवते. आणि तिनं हात सोडवून घेतला होता. तू आहेस ना, आई. मला काय घाई आहे?

"तुला शिकवणार होते मी," उती म्हणाली. जणू तिच्याच मनातलं वाचून. "नाही का?"

"हो, आई."

"मग?"

 लेस्तारीनं कपाळ आईच्या गुडघ्याला टेकलं.

निकेननं पानं बाजूला ठेवली, हात फ्रॉकला पुसले आणि उजवा तळवा उतीच्या मांडीवर उघडा ठेवला. "माझ्या बोटांवर मोज," ती म्हणाली. "मला हळू येतं, पण मी विसरत नाही."

"मी विसरते," उती म्हणाली.

"माहीत आहे."

उती हसली की काय, ते नीट कळलं नाही. तिनं तो छोटा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठा पहिल्या पेरावर टेकवला. "लेगी," ती म्हणाली. अंगठा पुढं सरकला. "पहिंग." पुन्हा सरकला, तिसऱ्या पेरावर आला, आणि तिथं अडला.

गल्लीतून भाजीवाला गेला, त्याची घंटा लांब गेली. बाग्योनं तोंड उघडलं, लेस्तारीनं मान न वळवता त्याचा हात धरला. उती तिसऱ्या पेराकडे बघत होती, नदीचा उतार शोधावा तशी, आणि मग रोजच्या सवयीनं तिनं निकेनकडे बघितलं.

'पोन' हा शब्द निकेनच्या ओठांवर आला होता. तिनं ओठ मिटले, हात तसाच उघडा ठेवला, आणि ती थांबली.